खानदेशाला राजकीय गाणं हवं आहे

साने गुरुजींचा पहिला काव्यसंग्रह ‘पत्री’. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात सहा वर्षं मास्तरकी करून 1930 साली नोकरी सोडलेल्या, कायदेभंगात उतरून तुरुंग पाहून आलेल्या माणसाच्या त्या कविता. त्यातल्या ‘बलसागर भारत होवो’सारख्या रचना लोकांच्या तोंडी बसल्या, प्रभातफेऱ्यांत घुमू लागल्या, तेव्हा इंग्रज सरकारनं पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या. कवीचं पहिलंच पुस्तक आणि त्याच्यावरच जप्ती! ज्या प्रदेशातल्या एका शाळामास्तराच्या गाण्यांची सरकारला एवढी धास्ती वाटली, त्या प्रदेशात आज राजकीय गाण्याची काय अवस्था आहे, हा या लेखाचा विषय आहे.

तो आत्ता काढायला कारण आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात रॅप रुजलं. मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतून ते अमरावती, छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोचलं आणि त्यातला एक प्रवाह उघडपणे राजकीय झाला. दुसरीकडे याच काळात अहिराणी गाणं मोबाइलवरून घराघरांत शिरलं, खानदेशाबाहेरही वाजू लागलं. जळगाव-धुळ्याच्या गाण्याला आज जेवढे कान आहेत तेवढे आजवर कधीच नव्हते. पण हे दोन प्रवाह एकमेकांना भेटलेले नाहीत. ते भेटायला हवेत आणि खानदेशाच्या पूर्वपुण्याईवर ते भेटू शकतात, असं माझं मत आहे.

ही पूर्वपुण्याई पुष्कळ मोठी आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबू-लाकडात केलेली सजावट, धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी उभं केलेलं टिळकनगर. साने गुरुजी त्या तयारीत राबले होते. पुढे त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवलं, पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला तेव्हा सारामाफीसाठी गावोगाव फिरले, गिरणी कामगारांच्या युनियनचं काम केलं. या फिरण्यातून आलेलं त्यांचं ‘आता उठवू सारे रान’ हे शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या राज्याची मागणी करणारं गाणं. देशभक्तीच्या गाण्यांत ‘देश’ बहुधा मोघम असतो. इथे मात्र देश म्हणजे कोण, तर राबणारा, हे सांगून टाकलेलं आहे. मराठी मोर्चांत ते गाणं पुढे कित्येक दशकं म्हटलं गेलं. राजकीय गाण्याची पहिली कसोटी मला इथेच दिसते. ते कुणाच्या बाजूनं आहे हे ऐकणाऱ्याला विचारावं लागता कामा नये.

दुसरा धागा जलशांचा. सत्यशोधकी जलशानं तमाशाचा साचा उचलला आणि आतला माल बदलला. गण, सवाल-जवाब, वग सगळं राहिलं, पण भटशाही, सावकारी, हुंडा हे विषय फडावर आले. 1930 च्या दशकात शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा निघाला. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ज्यांच्यापर्यंत पेपर पोचत नव्हता, त्यांच्यापर्यंत काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि पुणे करार जलशांनी पोचवला. बाबासाहेब स्वतः 31 जुलै 1937 रोजी एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले होते. ते ज्या बंगल्यात उतरले, त्या लळिंगच्या बंगल्यापाशी आजही त्या तारखेला माणसं जमतात, गाणी होतात. नंतरच्या काळात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हीच परंपरा गावोगाव नेली. 1922 ते 2004 एवढं आयुष्य लाभलेल्या या माणसाच्या गाण्यांवर खानदेशातल्या भीमजयंत्यांच्या तीन पिढ्या पोसल्या आहेत.

शाहिरी आणि जलशाचा हा सांगाडा जरा जवळून पाहिला की रॅपशी त्याचं नातं कळतं. शाहीर डफावर थाप मारून कथन पुढे नेतो. ते धड गाणं नसतं, धड बोलणं नसतं. तालावर बसवलेलं ठसक्याचं बोलणं असतं. मागे उभे झीलकरी ‘जी जी’ करत शेवटचा शब्द उचलतात, ओढतात, शाहिराला दम घ्यायला उसंत देतात. मध्येच चाल मोडून शाहीर गद्यात घटना सांगतो, सन सांगतो, गावाचं नाव घेतो आणि परत तालावर येतो. रॅपर नेमकं हेच करतो. त्याच्या मागचा जोडीदार ओळीचा शेवट उचलतो, ठेका तीन-चार मिनिटं न बदलता चालू राहतो आणि सगळा भार शब्दांवर पडतो. आमच्याकडच्या पोराला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही.

पण खानदेशातल्या राजकीय गाण्याचा सगळ्यात तेजस्वी काळ कुठला म्हणाल, तर माझं बोट शहाद्याकडे जाईल. आजचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तापीकाठची काळी जमीन आदिवासींच्या हातून सावकारी आणि खोट्या कागदांच्या वाटेनं गेलेली. ज्याच्या बापाची जमीन, तोच त्या जमिनीवर सालदार. वर पीक संरक्षण सोसायट्यांचे रखवालदार, त्यांची मारहाण. मे 1971 मध्ये पाटीलवाडीचा गोळीबार झाला आणि साचलेलं सगळं वर आलं. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे त्या लढ्याचं भिल्ल नेतृत्व. 1974 साली, ऐन तरुण वयात ते गेले. दुष्काळाच्या त्या वर्षांत बायकांनी दारूची मडकी फोडली, गुत्तेवाल्यांना गावाबाहेर काढलं.

या भागात गाण्यानं माणसं एकत्र येणं नवीन नव्हतं. 1938 च्या आसपास तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज आरतीसाठी हजारो भिल्लांना जमवत होते. दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगत होते. वरवर तो भक्तीचा मेळा दिसे. पण ज्याला आयुष्यभर ‘अरे-तुरे’च ऐकावं लागलं, त्यानं स्वतःच्या माणसाला ‘आप’ म्हणणं हे राजकारणच होतं. श्रमिक संघटनेच्या काळात त्याच माणसांच्या पुढच्या पिढीनं भिली आणि मराठीत मजुरीची, जमिनीची, पोलिसांची गाणी म्हटली. त्यातून वाहरू सोनवणे हा कवी मिळाला. 1987 साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता मराठी वाचकांना ठाऊक असेल. आम्हाला स्टेजवर कुणी बोलावलं नाही, आम्ही खाली बसून राहिलो आणि वरची माणसं आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिली, अशा आशयाची ती कविता आहे. पुढाऱ्यांना ती लागू पडतेच, पण चळवळीतल्या शहरी कार्यकर्त्यांनाही ती सोडत नाही. राजकीय गाणं लिहायला बसणाऱ्या प्रत्येकानं ती आधी वाचावी. दुःख खरं आहे की नाही, एवढाच प्रश्न नसतो. ते कोण सांगतंय, कुणाच्या तोंडून सांगतंय, यावर गाणं उभं राहतं किंवा पडतं.

पुढे सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या गावांत धरणाविरुद्धची गाणी आली, जीवनशाळांतल्या मुलांनी ती पाठ केली. धुळ्यात कॉम्रेड शरद पाटलांनी 1978 मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून मार्क्सला फुले-आंबेडकरांशी भिडवलं. त्यांच्या ग्रंथांचा परिणाम महाराष्ट्रभरच्या विद्रोही सांस्कृतिक चळवळीवर झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याच गावात त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. साने गुरुजींच्या गावात असे दोन मांडव पडावेत, हे मला त्या गावाच्या जिवंतपणाचं लक्षण वाटतं.

आता जरा लांब, ब्रिटनकडे पाहू. तिकडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं ते अनुकरणासाठी नव्हे, तर आपलीच एक वस्तू तिकडून फिरून आल्यासारखी दिसते म्हणून. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय घरांतल्या तरुणांवर रस्त्यांत हल्ले होत होते. 1993 मध्ये लंडनच्या पूर्व भागात ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाचा नगरसेवक निवडून आला. त्या वातावरणात ब्रॅडफर्डच्या अकी नवाझचा ‘फन-दा-मेंटल’ हा गट उभा राहिला आणि 1994 साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘सीझ द टाइम’. ब्लॅक पँथर चळवळीचे नेते बॉबी सील यांच्या पुस्तकाचंही हेच नाव. आपल्या वाचकाला इथे थबकायला हवं. 1972 साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी मुंबईत दलित पँथर काढली, ती याच ब्लॅक पँथरच्या नावावरून. म्हणजे ब्रॅडफर्डचा रॅपर आणि कामाठीपुऱ्याजवळच्या गोलपिठ्याचा कवी एकाच ठिणगीवर हात शेकत होते.

पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, ‘एशियन डब फाउंडेशन’चा पहिला अल्बम ‘फॅक्ट्स अँड फिक्शन्स’ आला. हा गट जमला लंडनमधल्या एका संगीत कार्यशाळेत. कम्युनिटी म्युझिक ही संस्था वस्तीतल्या पोरांना ध्वनिमुद्रणाची यंत्रं वापरायला शिकवत होती. तिथला शिकवणारा आणि तिथला किशोरवयीन विद्यार्थी एकाच गटात गाऊ लागले. त्यांच्या ‘रेबेल वॉरियर’ या गाण्याचा पाया काझी नझरुल इस्लाम यांची ‘बिद्रोही’ ही कविता आहे. लंडनमध्ये वाढलेल्या पोरांना वंशवादाविरुद्ध बोलायचं होतं आणि त्यांनी शब्द शोधले ते आजोबांच्या भाषेतल्या, सत्तर वर्षांपूर्वीच्या बंगाली कवितेत. त्यांनी ती जशीच्या तशी म्हटली नाही. तिचा ताव घेतला आणि आपल्या ठेक्यावर बसवला. या दोन अल्बमांतून मला घेण्यासारख्या दोनच गोष्टी दिसतात. परंपरा लाजून लपवायची वस्तू नाही, ती पुढच्या लढ्याची शिदोरी आहे, ही पहिली. दुसरी, असा गट आकाशातून पडत नाही. कुणीतरी वस्तीत यंत्रं आणतं, दार उघडं ठेवतं आणि शिकवतं.

आपल्याकडे या जातीचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचा. 2013 च्या सुमारास जमलेल्या या पोरांनी मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा एकाच गाण्यात आणल्या. एमसी मवाली, एमसी तोडफोड, अमरावतीहून आलेला 100आरबीएच म्हणजे सौरभ अभ्यंकर, ही त्यातली ठळक नावं. 2019 चं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यांचं. त्यात आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर गातात. हे गाणं मी महाराष्ट्राच्या रॅपमधलं सगळ्यात महत्त्वाचं मानतो, आणि कारण वाहरू सोनवण्यांच्या कवितेतच आहे. इथे पाड्यातला माणूस स्टेजखाली बसलेला नाही. त्याच्या आवाजावर गाणं उभं आहे आणि रॅपर त्याच्या साथीला आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात तोडली गेली, तेव्हा हे गाणं आधीच लोकांच्या कानांत होतं.

2020 साली आझादी रेकॉर्ड्सकडून स्वदेसीचा पहिला अल्बम आला, ‘चेतावनी’. नावातच इरादा आहे. हा महानगराचा अल्बम आहे. त्याचा वेग, त्याची घुसमट, त्याची भाषांची सरमिसळ मुंबईची आहे. मराठी माणूस मुंबईत जशी मराठी बोलतो, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो, तशीच ती इथे आली आहे, आणि म्हणून ती खरी वाटते. दोष काढायचाच तर असा, की संतापाचा सूर एकदा वर चढला की तो खाली येत नाही. शाहिराला कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवून एखादी घटना निवांत सांगायची, याची जी जाण असते ती इथे कमी पडते. पण पहिल्या अल्बममध्ये हे चालायचंच. गटातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, मार्च 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत असं रॅप करणारा दुसरा माणूस मुंबईला अजून मिळालेला नाही.

देशात इतरत्रही हे चाललेलं आहे. तमिळमध्ये अरिवूनं ओफ्रोबरोबर 2019 मध्ये ‘तेरुकुरल’ हा अल्बम केला, जातीवर थेट बोलला. मल्याळममध्ये वेडन हा रॅपर तेच करतो. दोघांचंही बळ त्यांच्या बोलीत आहे. तमिळनाडू-केरळातले तरुण त्यांच्या मागे गेले कारण ते त्यांच्या घरच्या भाषेत बोलले.

मग सरकार-पोलिसांचं काय? ‘पत्री’च्या जप्तीपासून हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंगात जावं लागलं. एप्रिल 2013 मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर गाणं म्हणतच पोलिसांच्या स्वाधीन झाले होते. माळींना जामीन मिळायला जानेवारी 2017 उजाडला. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोन रॅपरांवर गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. मुंगासेच्या गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. पन्नास खोक्यांचा उल्लेख होता. जून 2022 च्या शिवसेनेतल्या बंडानंतर विरोधकांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर दिलेली ती घोषणा, आणि बंडासाठी पैसे घेतल्याचा, एकनाथ शिंदे गटानं ठामपणे नाकारलेला तो आरोप. जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष आमदार त्या बंडात शिंद्यांबरोबर गेले होते, त्यामुळे खानदेशाच्या चावडीवर त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. आरोप खरा की खोटा, हा वादाचा विषय असू शकतो. पण गाण्यावर गुन्हा नोंदवणं चूक, हे मला निर्विवाद वाटतं. आमदार पत्रकार परिषद घेऊन उत्तर देऊ शकतो, सभेत उत्तर देऊ शकतो. वाटलं तर दुसरा शाहीर उभा करून गाण्यानं गाण्याला उत्तर देऊ शकतो. फडावर सवाल-जवाबाची रीत त्याचसाठी आहे.

आता खानदेशाकडे परत. 2011 च्या जनगणनेत खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, भाषिकांची नोंद साडेअठरा लाखांवर आहे, आणि घरात अहिराणी बोलून मातृभाषा ‘मराठी’ सांगणारे निराळेच. या भाषेतल्या गाण्यांचा धंदा आज जोरात आहे. ‘बबल्या इकस केसावर फुगे’नं महाराष्ट्रभर धुमाकूळ घातला, विनोद कुमावत यांचं ‘हाई झुमकावाली पोर’ देशभर वाजलं. ज्यांना अहिराणीचा एक शब्द येत नाही ती माणसं त्यावर नाचली. मी या गाण्यांना नाक मुरडणाऱ्यांतला नाही. जी बोली शाळेत बोललं की पोराला हसत, ती बोली या गाण्यांनी लग्नाच्या मिरवणुकीत ताठ मानेनं आणली. पोरांना अहिराणीची लाज वाटेनाशी झाली, हे काम अनेक परिसंवादांना जमलं नव्हतं ते या गाण्यांनी केलं. कॅमेरे आले, वादक आले, संकलन करणारी पोरं तयार झाली. म्हणजे यंत्रं आहेत, कसब आहे, ऐकणारा आहे.

नाही तो विषय. हळद, वरात, पोरगी, मोटारसायकल यापलीकडे हा बाजार फारसा जात नाही. आणि खानदेशात विषयांचा दुष्काळ आहे का? विखरणचे धर्मा पाटील. शिंदखेडा तालुक्यातले 84 वर्षांचे शेतकरी. पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, हाती चार लाखांच्या आसपास रक्कम आली, शेजाऱ्याला कितीतरी जास्त मिळाली. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि 28 तारखेला ते गेले. जमीन मोजणारा, दर ठरवणारा, फाइल पुढे सरकवणारा, सगळे या गोष्टीत आहेत. शाहिराच्या हाती एवढा ऐवज असता तर त्यानं रात्र जागवली असती.

त्याच वर्षी 1 जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ती माणसं. मोबाइलवर फिरणाऱ्या मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवर गाव पेटलं होतं. डौर वाजवत, गाणी म्हणत भिक्षा मागणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. गाणाऱ्यांच्याच जमातीतली माणसं आमच्या जिल्ह्यात अशी मेली, आणि ज्या मोबाइलवरून अफवा फिरली त्याच मोबाइलवर आम्ही नाचाची गाणी ऐकतो. या घटनेवर गाणं झालं पाहिजे. ते खानदेशातल्या माणसानंच केलं पाहिजे आणि त्यात जमावाच्या बाजूनं उभं राहायची सोय असता कामा नये.

मोठमोठ्या घटनांचीच गाणी व्हावीत असंही नाही. कापूस घरात पडून आहे, व्यापारी भाव पाडून मागतोय, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रापुढे गाड्यांची रांग लागलीय, हे दर हिवाळ्यातलं चित्र. रावेर-यावलच्या केळीला एका वादळानं आडवं पाडणं आणि मग पीकविम्याच्या अर्जांमागे धावणं. अमळनेरच्या प्रताप मिलचा आणि जळगावच्या खानदेश मिलचा थांबलेला भोंगा. चाळीसगाव-साक्रीकडून कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघालेले ट्रक. आणि सुरत! लिंबायत-उधना भागात पिढ्यान्पिढ्या गेलेली खानदेशी माणसं यंत्रमागावर, साडीच्या मार्केटात, हिऱ्याच्या घंटीवर बसतात, अहिराणी बोलतात, कानबाईचा उत्सव तिकडे करतात. लंडनमधल्या बंगाली पोरांनी परक्या शहरात आजोबांची कविता शोधली. सुरतेत वाढलेल्या खानदेशी पोरालाही तसंच काही सांगायचं असणार. पहिला राजकीय अहिराणी अल्बम जळगावऐवजी लिंबायतमधून आला तर मला नवल वाटणार नाही.

अहिराणी रॅपला सोयीची आहे का, असं काही जण विचारतात. माझा अनुभव उलट आहे; प्रमाण मराठीपेक्षा ती जास्त सोयीची आहे. मराठीत ‘मी जातो, तू जातोस, ती जाते’ असं क्रियापद दर वेळी रूप बदलतं, ओळीचा शेवट सैल पडतो. अहिराणीत मी बी जास, तू बी जास, तो बी जास. करस, देखस, येस, बोलस. ओळीच्या शेवटी आखूड, बंद, ‘स’वर आपटणारा आवाज येतो आणि तो ढोलाच्या थापेवर नेमका पडतो. यमक जुळवायला कवीला झटावं लागत नाही, भाषाच ते पुरवते. मग कवीची ताकद यमकाऐवजी मजकुरावर खर्च होऊ शकते. लेवा बोलीची गोष्ट वेगळी, पण बहिणाबाईंनी काय करून ठेवलं ते आपल्यासमोर आहे. आसोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईनं जात्यावर, शेतात, उभ्या उभ्या ओव्या रचल्या. रॅपर ज्याला आयत्या वेळी रचणं म्हणतो आणि ज्याचा अभिमान धरतो, ते आमच्या घरात पहाटे दळताना रोज होत होतं.

यावरून आणखी एक गोष्ट बोलायला हवी. खानदेशाचं निम्म्याहून जास्त गाणं बायकांचं आहे. आखाजीच्या झोक्यावरची, गौराईची, कानबाईची, लग्नातली. त्या गाण्यांत सासरचा जाच आहे, दारुड्या नवऱ्याची फजिती आहे, माहेरानं न पाठवलेल्या मुऱ्हाळ्याची तक्रार आहे. शहाद्यात दारूची मडकी फोडणाऱ्या बायका याच गाण्यांवर वाढल्या होत्या. आजच्या रॅपमध्ये, राजकीय रॅपमध्येसुद्धा, बाई क्वचितच बोलते. अहिराणी गाण्यांत ती बहुतेक वेळा झुमका घालून नाचायला असते. खानदेशातून एखादी मुलगी माइक हातात घेऊन कापूस वेचणाऱ्या बाईच्या मजुरीवर बोलली, तर पुरुष रॅपरांना आपोआप गप्प बसून ऐकावं लागेल.

राजकीय गाणं लिहिताना खानदेशी तरुणापुढे एक अडचण नक्की येईल. शत्रू दरवेळी मुंबई-दिल्लीत बसलेला नसतो. शहाद्यात जमीन हडपणारा शेजारच्या गल्लीतला होता. धुळ्यात 2008 आणि 2013 च्या दंगलींत एकमेकांवर दगड उचलणारे एकाच बाजारात भाजी घेणारे होते. पुढाऱ्याला शिव्या घालणारं गाणं सोपं असतं. त्याला टाळ्याही लगेच पडतात. आपल्या जातीला, आपल्या गावाला, आपल्या बापाला प्रश्न विचारणारं गाणं अवघड. सत्यशोधक जलसेवाल्यांवर गावानं बहिष्कार टाकले, ते त्यांनी दूरच्या इंग्रजाला शिव्या दिल्या म्हणून नव्हे. गावातल्याच भटा-सावकाराला नावानिशी प्रश्न विचारले म्हणून. खानदेशाच्या पहिल्या रॅप अल्बमला ही कसोटी चुकवता येणार नाही.

काय करता येईल, तेही सांगतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ महोत्सव दरवर्षी होतो. जळगाव, धुळे, नंदुरबारची शेकडो महाविद्यालयीन मुलं तिथे उतरतात. त्यात अहिराणी, भिली, पावरी, लेवा बोलीतल्या रॅपला स्वतंत्र जागा द्यावी आणि परीक्षकांत एखादा जुना शाहीर बसवावा. जळगाव-धुळ्यातल्या ज्या स्टुडिओंनी झुमक्याच्या गाण्यांवर पैसा केला, त्यांनी महिन्यातला एक दिवस शेतमजुरांच्या, विणकरांच्या, पाड्यांवरच्या पोरांसाठी मोकळा ठेवावा. लंडनच्या कार्यशाळेनं केलं त्याहून हे फार वेगळं नाही. विद्रोही संमेलनाच्या कार्यकर्त्यांनी शाहिरी-जलशांच्या जुन्या संहिता, वामनदादांची गाणी, श्रमिक संघटनेच्या काळातली भिली गाणी या पोरांच्या हाती द्यावीत. आणि गाण्याबद्दल तक्रार आली तर पोलिसांनी आधी ते गाणं नीट ऐकावं.

तरुण मित्रांनो, मुंबईची बोली उसनी आणू नका. घरात आई ज्या भाषेत रागावते त्या भाषेत लिहा, गावाचं नाव घ्या, भावाचा आकडा घ्या, आणि पहिलं गाणं विखरणच्या धर्मा पाटलांवर करा.